पागोळीच्या आतली खाण

परगावचं माणूस आमच्या वाडीत आलं की विचारतं, पुढाऱ्यांचं घर कुठे होतं? मी खाणीच्या खड्ड्याकडे बोट दाखवते. पाहुणा खाली बघतो, मग माझ्याकडे बघतो. म्हातारीला भ्रम झालाय असं त्याला वाटतं. वाटू दे.

रत्नागिरीजवळच्या सड्यावरची, उघड्या कातळी पठारावरची आमची वाडी जांभ्याच्या चिऱ्यांवर जगायची. माझे सासरे खाणीवरच्या लोकांचे पुढारी. कुणाचं भांडण असो, सोयरीक असो, सगळं आमच्या ओटीवर. माझ्या वडिलांनी नवरा बघून नव्हे, ते घर बघून मला दिली. चिऱ्यावर चिरा असा बसलेला की मधे सुरीचं पातं शिरायचं नाही. नवरा मुंबईला गिरणीत, सासूबाई आधीच गेलेल्या. आल्या आल्या चूल माझ्या हाती आली आणि मी थोडी शेफारलेच.

मग एका वर्षी खाणीतला दगड संपला. टिकाव मारला की नुसती माती. पुरुष मुंबईच्या बोटीची चौकशी करू लागले. चांगला दगड कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो आमच्या घराखाली होता. पण वाडीची रीत कडक. ज्या घरात चूल पेटते, त्याच्या छपराचं पाणी जिथे गळतं त्या पागोळीच्या आत टिकाव मारायचा नाही. आणि चूल कायमची विझवायची तर ती रांधणाऱ्या बाईनेच. त्यामुळे सगळी वाडी माझ्याकडे बघायची आणि तोंडाने कुणी काही बोलायचं नाही.

एका दुपारी मामंजी स्वयंपाकघराच्या दाराशी आले. एरवी तिथवर कधी येत नसत.

"चूल इझव, पोरी. ती तुज्याच हातानं इझायची."

माझं डोकंच फिरलं. घर गेल्यावर कसले पुढारी, खोपीत राहायला का माझ्या बापाने मला इथे दिली, तोंडाला येईल ते मी बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ओटीवर जाऊन बसले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, माझ्यावर रागावलेही नाहीत.

पुढे शेजारीण आली, काखेत कोंबडी घेऊन. घरची सगळी मुंबईला निघाली होती. कोंबडी तुझ्याकडे ठेव, म्हणाली. माझ्याबद्दल तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. ती गेली तशी मी कळशी उचलली आणि चुलीवर ओतली. राख घरभर उडाली. मी मोठ्याने रडले.

बाहेर माणसं जमली. मामंजींनी डोक्याचं मुंडासं काढून खाली ठेवलं आणि आपल्याच पायरीशी पहिला टिकाव स्वतः मारला. माझ्या अंगावर काटा आला. इतकं मोठं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

संध्याकाळी झावळ्यांच्या खोपीत मी तीन दगड मांडले. शेजारीण खापरात निखारे घेऊन आली, तिच्यामागे वाडीतल्या सगळ्या बायका, प्रत्येकीच्या हातात खापर. एवढे कशाला, मी शेजारणीला म्हटलं.

"घे. आमच्या चुली तुज्या घरच्याच इस्तवावर पेटल्याल्या."

वाडीत नवा संसार मांडला की पहिला विस्तव आमच्या घरातून जायचा. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्या घराची मी मालकीण म्हणून मिरवत होते, ते केवढं होतं हे मला ते गेल्यावर कळलं. त्या विस्तवावर भाजलेली पहिली भाकरी मी मामंजींच्या ताटात वाढली.