विहिणीच्या गालातलं जाळं

माझ्या विहिणीच्या गालाची आतली बाजू जितक्या लोकांनी पाहिली असेल, तितक्यांनी जगात दुसऱ्या कोणाच्याच गालाची पाहिली नसेल. तिच्या गालात पांढरं जाळं आहे, कोळ्याने विणावं तसं बारीक. बटव्यात ती बोटभर आरसा ठेवते, पण स्वतःच्या डोळ्यांवर तिचा भरवसा नाही, म्हणून ज्याच्या त्याच्यापुढे तोंड उघडते. आमच्या सौंसरच्या बसमध्ये कंडक्टर तिकीट द्यायला आला, त्याला दाखवलं. बांगडीवालीला दाखवलं. जामसांवलीला दर्शनाच्या रांगेत पुढच्या बाईला खांद्याला धरून वळवलं आणि विचारलं, "पाहा ना वो बाई, वाढलं काय?" त्या बाईने हिला जन्मात पहिल्यांदा पाहिलेलं. ती काय सांगणार? पण बिचारीने वाकून नीट पाहिलं आणि म्हणाली, "नाई वो, तेवढंच हाय." विहीण दिवसभर खूश होती.

जाळ्याची आग होते, हे खरं. पण त्या आगीला काही नियम नाही. रामाकोन्याच्या एका लग्नात तिने वांग्याची झणझणीत भाजी दोनदा मागून घेतली, काही झालं नाही. पांढुर्ण्याला स्वतःच्या घरी फिक्कं वरण जिभेला लागलं की डोळ्यांत पाणी. मी विचारलं, "ईनबाई, हे कसं?" आमच्याकडे विहिणीला ईनबाई म्हणतात. तर म्हणे, "गावागावाचं पानी असते. सौंसरचं थंडं हाय, पांढुर्ण्याचं झोंबते." मी म्हटलं, "आणि लग्नातलं?" "लग्नात दहा बाया बोलून राहतात, त्याच्यानं पानी गोड होते."

पाण्याला दोष दिला तोवर माझी काही तक्रार नव्हती. पण पुढे ती पांढुर्ण्याच्या गल्लीत सांगू लागली की सून जेवणात तिखट ओतते. ती सून म्हणजे माझी पोरगी. पोरीचा फोन आला, रडत होती. "आई, मिरचीचा डबा मी शेजारीण काकूकडे नेऊन ठेवला. तरी म्हणतात सुनेनं तोंड जाळलं. मी येतो सौंसरले. आता नाई राहत इथं." तिचा नवरा दोघींपैकी कोणाचीच बाजू घेईना. पोरीचा संसार चिमूटभर तिखटावरून मोडतो की काय, अशी वेळ आली.

लेकीला मूल होईपर्यंत आईने तिच्या सासरी जेवू नये, अशी आमच्या घरची रीत. त्यामुळे पोरगी तिथे कसं रांधते हे मला ठाऊकच नव्हतं. मी बस धरली, पांढुर्ण्याला उतरले आणि सरळ ताटावर बसले. विहीण घाबरली. "अवो, तुमी जेवून राहिल्या? रीत हाय ना!"

"रीत राहू द्या. तोंड कोणाचं कशानं जळते ते पाहू द्या."

मुगाची खिचडी होती आणि लवकीची, म्हणजे दुधीची, भाजी, इतकी बेचव की मी लोणचं मागितलं. त्याच भांड्यातलं विहीण जेवत होती आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मी रडण्याचं सोंग करणाऱ्या बाया पुष्कळ पाहिल्या आहेत. हे सोंग नव्हतं. पोरगीही खरी आणि विहीणही खरी. माझं डोकं चालेना. भांडायला गेलेली मी, दुसऱ्या दिवशी तिला गाडीत बसवून नागपूरला दातांच्या दवाखान्यात घेऊन गेले.

तिथे बाकावर बसलेल्या आणखी तिघाचौघांच्या गालांत तसंच जाळं होतं. विहिणीला ते आवडलं नाही. तिला वाटत होतं, हे आपल्या एकटीचंच. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांच्या हातात कागद, त्यावर गाव, खाणं, तंबाखू, झोप, काळजी, सगळं लिहून घेत होत्या. नागपूरचा एक माणूस खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, कॅन्सर तर नाही ना?" बैतूलकडची बाई लसणाच्या चटणीचं सांगत बसली. आमच्या विहिणीने पाणी, सून, लग्न, सगळं सांगितलं.

"काळजी कशाची आहे का, आजी?"

"मले कायची काळजी? पोरगा नोकरीवर हाय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "शहरातले लोक आल्या आल्या कॅन्सरचं विचारतात. तुमच्याकडच्या बाया जेवणाचं सांगतात. भीती मात्र दोघांना एकच असते."

विहीण खाली पाहून म्हणाली, "पोराचे बाबा बी पहिले असंच म्हनत होते. तिखट लागते, तिखट लागते."

माझे व्याही तोंडाच्या कॅन्सरने गेले. तो शब्द त्या घरात तेव्हाही कोणी काढला नाही, आणि नंतरही नाही. मलाच इतके दिवस सुचलं नाही, याचा मला राग आला.

गालाचा कणभर तुकडा काढून तपासला. कॅन्सर नाही. लायकेन प्लॅनस असं काहीतरी नाव आहे. कोणाला लागत नाही, पण जातही नाही. कमीजास्त होत राहतं, दर सहा महिन्यांनी दाखवायचं. काळजी वाढली की आग वाढते, असंही बाई म्हणाल्या. मी चौथी शिकलेली. मी विचारलं, "काळजी डोक्यात, आग गालात. मधला रस्ता कोणता?" त्या हसल्या. "तोच आम्ही शोधून राहिलो, आजी."

परत आल्यावर विहिणीने माझ्या पोरीची माफी वगैरे मागितली नाही. शेजारणीकडे गेली, मिरचीचा डबा स्वतः उचलून आणला आणि सुनेच्या हातात दिला. गल्लीत सांगितलं, दोष पाण्याचाच होता. पोरगी राहिली. आग अजून होते, कधी होते, कधी नाही. का, ते मला आजही कळलेलं नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवायचं आहे. तिचा पोरगा सुट्टी काढतो म्हणाला, पण काल विहिणीचा मला फोन आला. "ईनबाई, तुमीच चाला."

"मला त्यातलं काय कळते?"

"म्हनूनच तं. पोरगा माह्या तोंडात पाहते, तवा त्याले त्याचे बाबा दिसतात. मले समजते ना त्याच्या चेहऱ्यावरून. तुमी पाहता तं निस्तं जाळंच पाहता."

मी हो म्हटलं. आपल्याला काही कळत नाही याचाही कोणाला आधार होऊ शकतो, हे या वयात पहिल्यांदा ऐकलं.