भूपालच्या नावावर खेळलेली चाल

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायको म्हणते, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तिला काय माहीत, हा एक तीळ किती वर्षं भिजत पडलाय ते! तुम्ही समोर नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय — एवढंच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीत विश्रामबागेत मामानं सायबर कॅफे काढला आणि कॉलेज सुटल्यावर मला तिथं बसवलं. तीन कॉम्प्युटर, आणि फोनच्या तारेतून किंचाळत जोडलं जाणारं इंटरनेट. तुम्ही आज हसाल, पण तो आवाज थांबून पडद्यावर पान उमटायला लागलं की माझ्या अंगावर काटा यायचा. सांगलीच्या खुर्चीत बसलेल्या माणसाशी नॉर्वेतला एक म्हातारा बुद्धिबळ खेळतो — हे खरं कसं मानायचं?

तो म्हातारा माझ्याशी नव्हे, भूपालशी खेळत होता. भूपाल माझा मित्र, शिराळ्यात कापडाचं दुकान चालवणारा. आम्ही दोघं सांगलीच्या एकाच क्लबात खेळायचो. क्लबाच्या संघात भूपाल होता आणि मी राखीव — म्हणजे सतरंजी उचलायला आणि चहा सांगायला. शिराळ्यात इंटरनेट नव्हतं. म्हणून भूपाल रोज सकाळी एसटीडी बूथवरून मला फोन करायचा. म्हाताऱ्याची चाल मी वाचून दाखवायची, त्यानं घरच्या पटावर मांडून दुसऱ्या दिवशी आपली चाल सांगायची, आणि मी ती साइटवर टाकायची. एक डाव असा महिनोन्महिने चालायचा.

पासवर्ड? तो त्यानं बूथवरून ओरडूनच सांगितला होता — नागोबा. नागपंचमीच्या शिराळ्याचा माणूस दुसरा काय ठेवणार! आमच्याकडे घराला कुलूप लावून किल्ली शेजारी देतात, तसाच तो पासवर्ड माझ्याकडे होता. मीही तो कॅफेत मोठ्यानं म्हणत टाइप करायचो. ही चूक आहे, असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही.

एकदा भूपालचा डाव अडचणीत होता. त्यानं फोनवर सांगितलं, "घोडा मागं घे गड्या." मी हो म्हणालो. आणि मग — हे कसं सांगू? कॅफेत बुद्धिबळाचा प्रोग्राम असलेली एक सीडी आली होती. मी त्याचा डाव त्यात मांडला आणि चहाला गेलो. परत येऊन पाहतो तर यंत्र म्हणत होतं, हत्ती देऊन टाक. फुकट! मी खुर्चीत बसलो तो उठेचना. पुढच्या चाली एकेक करून पाहिल्या. सगळा पट उलटत होता. असलं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. देवळात घंटेखाली उभं राहिल्यावर होतं तसं झालं मला.

आणि मी ती चाल भूपालच्या नावावर टाकली.

का? मित्राला जिंकवायला? तसं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. खोटं आहे ते. त्या चालीवर माझा हात असावा, एवढंच मला हवं होतं. शिवाय भूपाल माझ्याहून चांगला खेळतो, हेही पोटात होतंच की. यंत्राची मदत घेतली की साइट हाकलून देते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. म्हाताऱ्यानं हत्ती घेतला, म्हणालो. "कुठला हत्ती?" त्यानं विचारलं. घोड्याची चाल झालीच नाही, हे आता लपणार नव्हतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं — तुझा पासवर्ड कुणीतरी चोरलाय. मग काय, तोंड सुटलंच. खोटी बक्षिसं दाखवून पासवर्ड काढून घेणारे असतात, नाव एकाचं आणि खेळणारा दुसरा, असं मी मासिकात वाचलेलं सगळं त्याला ऐकवलं. चोर कसा ओळखावा, हे चोरच समजावून सांगत होता.

भूपालनं मला आधीच्या चाली पुन्हा वाचायला लावल्या. बूथवर उभ्या उभ्या तो मनातल्या मनात पट मांडत होता. मग हळूच म्हणाला, "पर गड्या, चाल लय भारी हाय. कुनाचं डोकं असंल रं हे?"

माझी छाती फुगली. लाज वाटायला हवी होती ना? आधी छातीच फुगली.

तो तडक एसटीनं सांगलीला आला. साइटवाल्यांना लिही म्हणाला — ही चाल माझी नाही, कुणीतरी फसवणूक केली आहे, डाव मी सोडतो. अशा वेळी शहाण्यानं जे करावं, ते त्यानं न सांगता केलं. त्याला इंग्रजी जमायचं नाही, म्हणून ते पत्र मी टाइप केलं. माझ्याच बोटांनी.

उत्तर आलं तेव्हा तो शिराळ्यात होता. त्यांनी लिहिलं होतं, ही चाल यंत्राची आहे. आणि ती ज्या कॉम्प्युटरवरून आली, त्याच कॉम्प्युटरवरून आधीच्या चाली आणि हे तक्रारीचं पत्रही आलं आहे. सबब खातं बंद. सातासमुद्रापलीकडून त्यांनी माझी खुर्ची ओळखली होती! मी थक्क होऊन ते वाचत राहिलो. आणि फोनवर भूपालला सांगितलं, ते तुलाच चोर समजतात. कॉम्प्युटरचं वाक्य तेवढं मी गिळलं. ते ऐकलं असतं तर त्याला क्षणात कळलं असतं, कारण त्या कॉम्प्युटरवर बसणारा मी एकटाच होतो.

साइटवर त्याच्या नावापुढे 'यंत्राच्या मदतीने खेळला' असा शेरा पडला. क्लबातल्यांनी तो माझ्याच कॅफेत येऊन वाचला. कुणी भांडलं नाही. फक्त साताऱ्याच्या स्पर्धेला त्याला नेलं नाही. त्याच्या जागी राखीव गेला — म्हणजे मी. जाताना एसटीत सगळे त्याच्याविषयी बोलत होते आणि मी खिडकीबाहेर बघत होतो.

भूपाल पुन्हा क्लबात आला नाही. त्याचा शेवटचा फोन आला तेव्हाही तो त्या हत्तीविषयीच बोलत होता. महिनाभर पटावर तीच चाल मांडून बसलो होतो, म्हणाला. "त्यो मानूस कवा गावला तर मला कळीव. भांडायचं न्हाई. नुसता समोर बसून एक डाव खेळायचा हाय त्येच्यासंगं."

मी "कळवतो" म्हणालो.

अजून कळवलेलं नाही.