फोटो स्टुडिओतले ऑनलाइन इंटरव्ह्यू

फोटो स्टुडिओत दोन गोष्टी आपोआप साचतात. लोकांनी न नेलेले पासपोर्ट फोटो आणि किस्से. फोटो आम्ही काही दिवस जपतो आणि मग टाकून देतो. किस्से मात्र टाकवत नाहीत, आणि चार मैत्रिणी चहाला जमल्या की माझ्या तोंडून एकामागून एक सुटतातच!

आमचा स्टुडिओ औंढ्याला, देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर. पूर्वी दर्शन झालं की कुटुंबच्या कुटुंबं फोटो काढायला आमच्याकडं यायची. आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल. देवळासमोरच सेल्फी, विषय संपला! आमचे हे लग्नाच्या ऑर्डरी सांभाळतात, दुकान मी बघते. लग्नसराई नसली की आतली खोली, तिच्यातले लाइट, पडदे, सगळं नुसतं उभं असायचं.

त्या खोलीत आता पोरापोरींचे नोकरीचे इंटरव्ह्यू होतात.

* * *

सुरुवात पूजानं केली. नर्सिंग झालेली, चुणचुणीत पोरगी. पासपोर्ट फोटो काढायला आली आणि फोटो काढून झाला तरी जाईना.

"ताई, तुमची ही खोली उद्या घंटाभर भेटंल का? पुण्याच्या दवाखान्याचा इंटरव्ह्यू हाय, लॅपटॉपवर."

"घरी काहून नको?"

"गल्लीत जयंतीची तयारी चालू हाय. दारातच लेझीमची प्रॅक्टिस. अन् ताशा माझाच भाऊ वाजवून राहिला, त्याला थांब कसं म्हणू?"

मी खोली दिली. वर हौसेनं माझ्याकडचा सगळ्यात भारी पडदा मागं सोडला. बर्फाचे डोंगर, निळं तळं, लाकडी घर. लग्नाच्या जोड्यांना तो फार आवडतो.

इंटरव्ह्यू सुरू झाला. समोरच्या डॉक्टरसाहेबांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "तुम्ही सध्या देशाबाहेर आहात का?"

पूजानं मागं वळून बघितलं, पुन्हा समोर बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "नाही सर, मी औंढ्यातच आहे. हे डोंगर ताईंचे आहेत!"

डॉक्टर मोठ्यानं हसले. तिथून पुढं पूजाची भीती जी गेली ती गेलीच. नोकरी लागली. पहिल्या सुट्टीत पेढे घेऊन आली तेव्हा म्हणाली, "ताई, तिथं सगळे मला डोंगरवाली सिस्टरच म्हणतात!"

डोंगर मी गुंडाळून ठेवला. इंटरव्ह्यूला आता साधा फिकट निळा पडदा.

* * *

पूजाची बातमी गावात पसरली आणि पोरं यायला लागली. मीही मग इकडं तिकडं विचारून थोडं शिकून घेतलं. लॅपटॉप मांडीवर नको, डोळ्यांच्या उंचीवर हवा. उजेड समोरून हवा. बोलताना स्क्रीनवरच्या तोंडाकडं नाही, कॅमेऱ्याकडं बघायचं.

पण माझी मूळ सवय फोटोवालीची! आरती नावाची एक पोरगी इन्शुरन्स कंपनीच्या इंटरव्ह्यूला बसली. मी तिची मान सरळ केली, हनुवटी जरा खाली घेतली आणि तोंडातून आपोआप निघून गेलं, "आता हलू नको. डोळे मिटू नको."

पोरगी भलतीच आज्ञाधारक! पहिल्या प्रश्नाला हलली नाही. दुसऱ्याला हलली नाही. उत्तरं येत होती, पण ओठ जेमतेम उघडायचे.

पलीकडच्या मॅडम म्हणाल्या, "हॅलो? आरती, तुमचा आवाज येतोय, पण व्हिडिओ अडकलाय."

आरती तशीच बसून म्हणाली, "व्हिडिओ चालू आहे मॅडम. ताईंनी हलू नको म्हणून सांगितलंय."

"कोण ताई?"

मी लाइटच्या स्टँडमागून ओरडले, "अगं हल बाई, हल!"

ती नोकरी गेली. माझ्या जिवाला लागलं ते. पुढच्या इंटरव्ह्यूला मी तिला एवढंच सांगितलं, "समोर तुझी मावशी बसली हाय असं समज." आरती हातवारे करून, मान डोलावून, मस्त बोलली. आज हिंगोलीत कामाला आहे आणि तिला गप्प कसं बसवायचं हा आता तिच्या साहेबांचा प्रश्न आहे!

* * *

पासपोर्ट फोटोसाठी आमच्याकडं एक काळा कोट आहे. सगळ्या गावाला पुरला पाहिजे म्हणून मापानं अगदी ऐसपैस. बारीक माणूस आला की पाठीमागून कापड ओढायचं आणि कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. समोरून असा फिट बसतो की विचारू नका!

कनेरगाव नाक्याचा गणेश असाच बारीक. घरचा धाबा, तिथं दिवसभर ट्रकांचे हॉर्न, म्हणून इंटरव्ह्यूसाठी औंढ्याला मामाकडं आलेला. मी त्याला कोट घातला, मागून लाल-पिवळे चिमटे लावले. पोरगं एकदम साहेब दिसायला लागलं.

सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात कंपनीचे साहेब म्हणाले, "तुमचं डिप्लोमाचं सर्टिफिकेट दाखवता का?"

सर्टिफिकेट मागच्या टेबलावर! गणेश उठला आणि वळला. कॅमेऱ्यासमोर त्याची अख्खी पाठ, आणि पाठीवर चिमट्यांची रांग.

साहेब कॅमेऱ्याजवळ वाकले. मग म्हणाले, "गणेश, हे काय आहे?"

मी कपाळावर हात मारला. गणेश सर्टिफिकेट घेऊन वळला, खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "सर, समोरून मी तयार आहे. मागून तयारी चालू आहे!"

साहेबांनी त्याला दोनच प्रश्न आणखी विचारले. पगार मिळाल्यावर गणेशनं स्वतःच्या मापाचा कोट शिवला, आणि त्याचा फोटो काढायला आमच्याकडंच आला.

* * *

एकदा जवळच्या खेड्यातले नामदेवकाका पोराला घेऊन आले. पोरगं बीएस्सी झालेलं, नाव विशाल. काकांना मी बाहेर बसायला सांगितलं, तर म्हणाले, "ताई, मी कोपऱ्यात बसतो. चूं करत न्हाई."

बसले बिचारे टोपी हातात धरून, कॅमेऱ्यात येणार नाहीत असे.

विशालची गाडी बरी चालली होती. मग कंपनीच्या मॅडमनी विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?"

विशाल अडकला. छताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. आणि कोपऱ्यातून काकांचा आवाज आला, "आरं सांग की! आमी बी घरी तेच इचारून राहिलो कवाचे!"

मी काकांना खुणेनं गप्प करायला गेले, पण पलीकडून मॅडम म्हणाल्या, "वडील आहेत का? त्यांना समोर येऊ दे."

काका टोपी घालून आले, हात जोडले.

"काका, मुलगा कसा आहे तुमचा?"

काकांनी पोराकडं बघितलं. आता तारीफ करतील असं मला वाटलं. तर म्हणाले, "खोटं काहून बोलू बाई? घरी माझं ऐकत न्हाई. पण कुणाची तकलीफ ह्याला बघवत न्हाई. शेजारच्या म्हातारीला दर महिन्याला दवाखान्यात हाच घिऊन जातो, कुणी न सांगता."

विशालची मान खाली. मॅडम म्हणाल्या, "ऐकायचं कसं ते आम्ही शिकवू."

बाहेर पडताना काका मला विचारत होते, "ताई, मला बी पगार द्यायला पायजे न्हाई का? अर्धा इंटरव्ह्यू तर मीच देला!"

* * *

आणि मंगलताई.

चाळिशी ओलांडलेल्या. लग्नाआधी डीएड केलेलं, मग संसार, लेकरं, सासूबाईंचं आजारपण. लेक नांदेडला शिकायला गेली, तेव्हा घरात बसून करता येईल असं कस्टमर केअरचं काम त्या शोधायला लागल्या. फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. पहिल्या दोन ठिकाणी एकच प्रश्न आला, "एवढी वर्षं तुम्ही काय केलं?" मंगलताई म्हणायच्या, "घर सांभाळलं." पुढून "ठीक आहे, कळवतो." कुणी कळवलं नाही.

तिसऱ्या वेळी आल्या तेव्हा साडीच्या निऱ्या नीट करत म्हणाल्या, "आज न्हाई जमलं तर मी पुन्हा येणार न्हाई ताई. घरी बी काही सांगितलं न्हाई. आपलं आपल्यातच राहू द्या."

सकाळचा इंटरव्ह्यू पुढं ढकलत ढकलत दुपारी तीनवर गेला. लॅपटॉपवर एक तरुण साहेब आले. चेहरा ओढलेला, केस विस्कटलेले. घाईघाईत म्हणाले, "मॅडम, सरळ प्रॅक्टिकल घेऊ. मी चिडलेला ग्राहक आहे. माझं पार्सल आलेलं नाही. तुम्ही मला शांत करा."

आणि सुरूच झाले! "काय लावलंय तुम्ही? चार वेळा फोन केला! पैसे घेतले, वस्तू कुठंय? कुणाला काही पडलंय का?" असे तापले की मला ती ॲक्टिंग वाटेना. कॅमेऱ्याबाहेर उभी असलेली मीच घाबरले.

मंगलताईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मधे एक शब्द बोलल्या नाहीत. साहेब थांबले तेव्हा हळूच म्हणाल्या, "सर, तुमचं पार्सल मी बघतेच. पण आधी सांगा, तुम्ही जेवलात का?"

साहेब गडबडले. "हे... हे विचारायचं नसतं मॅडम."

"माहीत आहे सर. पण आवाज उपाशी माणसाचा आहे."

साहेबांनी घड्याळाकडं बघितलं. मग एकदम कॅमेरा बंद. पडद्यावर काळा चौकोन आणि त्यांच्या नावाचं एक अक्षर.

मी मनात म्हटलं, गेलं! मंगलताईंचा चेहरा पडला होता, पण जागच्या हलल्या नाहीत. हात मांडीवर, नजर कॅमेऱ्यात. मी खुणेनं विचारलं, बंद करू का? त्यांनी मान हलवली. नको.

बराच वेळ गेला. मग कॅमेरा उघडला. साहेबांसमोर स्टीलचा डबा, हातात पोळीचा तुकडा.

मंगलताई सावरून बसल्या. "हां सर, बोला आता. पार्सलचं काय झालं?"

साहेब भरल्या तोंडानं म्हणाले, "मिळालं, मॅडम!"