उळं टाकणारा हात

"हात कुनाचाबी चालंल म्हनला! माझ्या तोंडावर म्हनला, चांदभाई! 'नाना, काकूंचं पानी तेवढं धाडा, हात कुनाचाबी चालंल.' मंग मी काय, कॅनचं झाकान हाय का?"

घोडेगावच्या चौकात फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्या चांदभाईनं दातात धरलेला वायसर काढला, पंपात बसवला आणि मगच मान वर करून समोरच्या कानिफनाथाकडं बघितलं.

"कोन म्हनला आसं?"

"झापवाडीचा राधाकृष्ण. ज्याच्या बापाच्या वाफ्यात मी वीस वर्सं उळं टाकलं, त्यो."

"मंग बायको तुझीच हाय ना? दुसऱ्याची आसती आन तू जळला आसता, तर समजलो आसतो."

"मी जळत न्हाई."

"न्हाई ना? मंग धूर कशाचा निगतोय?" चांदभाई म्हणाला. "आरं, शिंगनापूर हितून हाकंवर हाय. शनिमहाराजाच्या नजरंला लोकं भेत्यात, आन तू घरातल्या घरात बायकोला नजर लावतो."

कानिफनाथानं चहा अर्धा टाकला आणि मोटरसायकलला किक मारली. पहिल्या किकला तीही लागली नाही.

कानिफनाथाचं मोठेपण काय, असं कुणी विचारलं असतं तर गावानं एकच सांगितलं असतं, हात. कांद्याचं बी वाफ्यात फेकून त्याचं रोप करायचं, त्याला आमच्याकडं उळं टाकणं म्हणतात. बी काळं, मोहरीहून बारीक. दाट पडलं तर रोप दोऱ्यासारखं येतं, विरळ पडलं तर वाफा टकल्या डोक्यासारखा दिसतो. कानिफनाथानं बाराव्या वर्षी बापाच्या पाटीतून पहिली मूठ उचलली आणि नवव्या दिवशी वाफ्यावर अशी हिरवी लव आली, की बघायला शेजारची माणसं बांधावर उभी राहिली. तेव्हापासून हाताला गुण आहे असं ठरलं. दिवाळीच्या मागंपुढं दहा-बारा गावांची माणसं त्याला गाडीवर बसवून न्यायची. वाफ्याच्या कडंला नारळ फुटायचा, घरची बाई त्याच्या उजव्या तळव्याला कुंकू लावायची, मग कानिफनाथ वारा बघून मूठ ढिली सोडायचा. निघताना चहा आणि एक टोपी. घरात टोप्यांची चळत झाली होती. एवढ्या टोप्यांना डोकी कुठून आणायची, म्हणून त्याची बायको मालनबाई त्यातल्या जुन्यांनी तवा पुसायची.

बाकी त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं फार नव्हतं. जमीन दोन एकर, तीही उताराची. ग्रामपंचायतीला एकदा उभा राहिला, तर भावकीनंच पाडला. पोरगी सुपे एमआयडीसीत दिलेली. पण उळ्याच्या दिवसांत तो उजव्या हातानं शेण उचलायचा नाही, कुणाशी हात मिळवायचा नाही. हात खिशात घालून चालायचा. मालनबाई म्हणायची, "फुलं आल्यात जनू हाताला."

तिचं पाणी निघालं चार वर्षांमागं. बचत गटाच्या बायकांबरोबर ती राहुरीला शेतीचं विद्यापीठ बघायला गेली होती. तिथं एका बाईंनी सांगितलं, की शेवग्याचा ओला पाला वाटून, गाळून, तीसपट पाण्यात घातला तर त्यानं रोपाची मुळी जोर धरते. बाकीच्या बायकांनी ऐकलं आणि वडापाव खाल्ला. मालनबाईनं घरी येऊन करवंट्या मांडल्या. प्रत्येक करवंटीत ओलं फडकं, फडक्यावर मेथीचे दहा दाणे. एकीत साधं पाणी, एकीत शेवग्याचं, एकीत कडुनिंबाचं, एकीत बांधावरच्या नीलगिरीची पानं आणि साल भिजवून काढलेलं. कुठली कुठली ते कळावं म्हणून करवंटीला निरनिराळ्या रंगाच्या चिंध्या बांधल्या. पाचव्या दिवशी शेवग्याच्या करवंटीत मुळ्या बोटभर गेल्या होत्या. साध्या पाण्यात त्याच्या निम्म्या. कडुनिंबात मोड होते पण खुरटलेले. नीलगिरीच्या करवंटीत दाणे फुगले, मोड बाहेर डोकावला आणि तिथंच काळा पडून बसला.

"नीलगिरीखाली गवत का येत न्हाई, ते समजलं आता," ती म्हणाली.

"त्यात काय समजायचं? मला ल्हानपनापासनं म्हायती हाय," कानिफनाथ म्हणाला.

तिनं बी शेवग्याच्या पाण्यात रातभर भिजवून, सावलीत सुकवून त्याच्या हातात दिलं, आणि वाफ्यालाही पहिलं पाणी तेच दिलं. रोप असं आलं, की उपटताना मूळ तुटेना. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, कानिफनाथाचा हात. दुसऱ्या वर्षी म्हणाले, हात आणि पाणी. तिसऱ्या वर्षी फोन यायला लागले. फोन कानिफनाथाचा, खिसा कानिफनाथाचा, आणि समोरचा म्हणायचा, "नाना, जरा काकूंकडं द्या." एक पोरगा मोबाईलवर व्हिडिओ काढून गेला. मालनबाई करवंट्या दाखवतेय, चिंध्यांचे रंग सांगतेय, हसतेय. कानिफनाथ तेव्हा नवा सदरा घालून गोठ्यापाशी उभा होता. व्हिडिओत त्याचं कोपर तेवढं आलं. तो व्हिडिओ त्यानं किती वेळा बघितला त्याला गणती नाही. दर वेळी कोपरापाशी थांबवायचा.

राधाकृष्णाच्या त्या बोलण्यानं मात्र त्याच्या काळजाला डागणीच दिली. चांदभाईकडून आला, बांधावर गेला, नीलगिरीचा पाला ओरबाडला, कोयत्यानं साल सोलली आणि गोठ्यामागच्या ड्रमात भिजत घातली. ढोरांना गोचीड झालेत, त्याला लावायचंय, असं मालनबाईला सांगितलं. तीन दिवसांत पाणी चहासारखं झालं.

लोहोगावच्या अजिनाथानं त्या आठवड्यात दोघांनाही सांगून ठेवलं होतं, पाणी काकूंचं आणि हात नानांचा. मालनबाईनं दोन कॅन भरले. एक राधाकृष्ण सकाळीच घेऊन गेला. दुसरा मोटरसायकलला बांधून कानिफनाथ निघाला. वाटेत ओढ्यावर थांबला, शेवग्याचं पाणी ओतून दिलं आणि पिशवीत लपवून वेगळ्या कॅनमधून आणलेलं नीलगिरीचं त्यात भरलं. हिशेब सोपा होता. उळं उगवणार नाही, लोक म्हणतील पाणी फसलं, आणि पुढच्या दिवाळीला फोन आला की समोरचा म्हणेल, नाना, तुमीच या.

बी भिजवताना अजिनाथानं नाक वर केलं. "नाना, याला बामासारखा वास येतोय."

"काकूनं नवीन कायतरी घातलं आसंल. तिचं काय मला इचारू नको."

दुसऱ्या दिवशी अजिनाथाच्या आईनं, आक्काबाईनं तळव्याला कुंकू लावलं. कानिफनाथानं आठ वाफे टाकले. हात नेहमीसारखाच चालला, उलट जरा जास्तच डौलात. कॅनमधलं उरलेलं पाणी त्यानं स्वतः झारीनं शिंपलं. टोपी घेतली आणि घरी आला.

बाराव्या दिवशी अजिनाथाचा फोन आला. या वेळी त्यानं काकूला मागितलं नाही.

"नाना, कायच आलं न्हाई ओ. कुटंकुटं एखादं, तेबी पिवळं."

"पान्यानं झालं आसंल," कानिफनाथ म्हणाला. हे वाक्य त्यानं बारा दिवस घोकलं होतं.

"पानी कसं आसंल? राधाकृष्णानं त्याच दिवशी काकूंकडनंच न्हेलं. त्याच्या म्हाताऱ्यानं थरथरत्या हातानं टाकलं, तर शेरडाच्या केसावानी आलंय. मी सवता बघून आलो. पानी तेच की, नाना." अजिनाथ जरा थांबला. "आई म्हनती, हात उतरला आसंल. वय झालं की उतरतो."

कानिफनाथानं फोन खिशात घातला. आठ वाफ्यांत बी कुणाच्या मुठीतून पडलं होतं, एवढी एक गोष्ट त्याच्या हिशेबातून निसटली होती.

आठ दिवसांत बातमी सगळीकडं गेली. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात एकानं म्हैस सोडून त्याच्या तळव्याकडं बघितलं. मोरेचिंचोऱ्याच्या माणसानं उळं टाकायला बोलावलं होतं, त्यानं निरोप धाडला की पोरगंच टाकील. चांदभाई म्हणाला, "कानिफा, हात दाखव. रेषा हायेत ना जागंवर?" कानिफनाथ हसला नाही, तेव्हा चांदभाईनंही पुढं थट्टा केली नाही, चहा सांगितला.

मालनबाईनं अजिनाथाला फोनवर एवढंच विचारलं होतं, की पाण्याला वास कसला होता. मग लोहोगावहून परत आलेल्या कॅनच्या तळाला राहिलेलं पाणी तिनं फडक्यावर ओतलं होतं. पाचव्या दिवशी चहाच्या कपाशेजारी तिनं करवंटी ठेवली. दहा दाणे, दहा काळे मोड.

"गोचीड गेलं का ढोराचं?" तिनं विचारलं.

कानिफनाथानं करवंटी पालथी घातली.

"झाकून काय हुतंय? बांधावरच्या त्या झाडाला दुसरं आलेलं बघवत न्हाई. त्याला त्वांड न्हाई, तुमाला हाय. मला म्हनायचं हुतं, मालन, बास कर. मी केलं आसतं का न्हाई, ते मंग बघितलं आसतं."

"तू केलं नसतं."

"न्हाईच केलं आसतं," मालनबाई म्हणाली. "पन अजिनाथाचं वाटुळं तर झालं नसतं. त्याला काय सांगनार? का हात उतरला म्हनून बसनार घरात?"

चोर म्हणवून घ्यायचं, का उतरल्या हाताचा म्हणून मरायचं? कानिफनाथानं दोन दिवस या दोन गोष्टी तराजूत घातल्या. कुठलीच वर जाईना. तिसऱ्या दिवशी दूध घालायला गेला, तर डेअरीवरच्या पोरानं सहज विचारलं, "नाना, आता उळ्याचं काम बंद का?" उतरल्या हाताचं पारडं तिथंच जड झालं, त्यापरीस चोर म्हणवून घेणं परवडलं. घरी येऊन त्यानं माळ्यावरून डबा काढला. स्वतःच्या रानासाठी घरच्या डोंगळ्यांचं, म्हणजे बियाला सोडलेल्या कांद्यांचं, राखलेलं बी होतं, सगळं पिशवीत ओतलं. "आवं, आन आपल्या रानात काय?" मालनबाईनं विचारलं. "हरभरा," तो म्हणाला. तिनं रात्री त्यातलं बी आपल्या पाण्यात भिजवलं, सकाळी सुकवलं, कॅन भरला आणि मोटरसायकलवर स्वतःच्या मांडीवर धरून बसली. त्याला हात लावू दिला नाही.

लोहोगावात अजिनाथ रिकामे वाफे पुन्हा कुदळत होता. आक्काबाई बांधावर बसली होती. कानिफनाथानं गाडी उभी केली आणि उतरायच्या आधीच बोलायला लागला, नाहीतर जीभ फिरली असती.

"अजिनाथ, पानी मी बदाललं. नीलगिरीचं घातलं. बी मरावं म्हनून घातलं. काकूचं नाव खराब व्हावं म्हनून."

अजिनाथाची कुदळ हवेत थांबली. "आन माझं काय, नाना? माझ्यावर कसला राग हुता?"

"तुझा इचारच केला न्हाई."

हे ऐकून अजिनाथाला जास्त लागलं. त्यानं कुदळ आपटली, चार शब्द असे दिले, की ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. कानिफनाथानं मान खाली घालून सगळे घेतले. शेवटी पिशवी पुढं केली.

"बी आनलंय घरचं. सगळे वाफे भरून देतो. पन आक्का, हात गेला न्हाई माझा. हात चांगला हाय. यवडं लोकांत सांगा."

आक्काबाईनं तोंडातली तंबाखू बाजूला केली. "सांगते की. हात चांगला हाय, मानूस तेवढा नासका हाय, आसं सांगते."

"तसं सांगा," कानिफनाथ लगेच म्हणाला. "तसंच सांगा."

अजिनाथानं आईकडं बघितलं, मालनबाईकडं बघितलं. मालनबाई कॅनचं झाकण फिरवत होती. तिनं पाण्याचा वास घेऊन दाखवला, मग अजिनाथालाही घ्यायला लावला. हिरव्या पाल्याचा वास होता, दुसरा कसला नाही. "टाकू द्या त्यास्नी," ती म्हणाली. "हातानं कधी दगा दिला न्हाई. मी बघितलंय की तीस वर्सं."

हे बायकोनं म्हणावं हेही कानिफनाथाला बोचलंच. पण तो वाफ्यात उतरला. नारळ फुटला नाही, कुंकू कुणी आणलं नाही. त्यानं वाऱ्याकडं तोंड केलं, पिशवीतून मूठ भरली आणि बोटं ढिली सोडली. काळं बी ओल्या मातीवर भुरभुरलं. मागून मालनबाई झारी घेऊन निघाली.

"जरा इरळ टाका," ती म्हणाली.

"तू पानी बघ तुझं," कानिफनाथ म्हणाला, आणि पुढच्या वाफ्याकडं वळला. अजून सात राहिले होते, आणि ऊन चढत होतं.