मनकर्णाबाईंचा रुमाल

बडनेऱ्याला माझ्या घरी दर शनिवारी दुपारी क्रोशाचा क्लास भरतो. शाळेतून निवृत्त झाले आणि ही हौस मागे लावून घेतली. बाकीच्या बायका तोरणं, पर्सा विणून मोकळ्या झाल्या. नांदगाव खंडेश्वरहून एसटीने येणाऱ्या मनकर्णाबाईंचा मात्र एक गोल रुमाल आठ महिने संपेना. दर वेळी शेवटच्या फेरीत दहा-बारा टाके जास्त. रुमालाची पार झालर व्हायची! मी कपाळाला हात लावायची, उसवायची, पुन्हा मोजून दाखवायची.

परवा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आज हा पुरा केल्याशिवाय जागचं उठायचं नाही."

बाईंनी चष्मा चढवला आणि अर्ध्या तासात, एकही टाका न चुकता, फेरी पुरी केली. रुमाल कसा सपाट, सुबक!

"येत होतं तर आठ महिने माझं डोकं काहून खाल्लं?"

त्या खाली बघत म्हणाल्या, "बाई, रुमाल झाला का क्लास बंद, असं घरच्यांनी बजावलं हाय मले."

मी रुमाल हिसकावून घेतला.

"साधं मोजता येत नाही तुम्हाला," मी खेकसले आणि अख्खी फेरी उसवून टाकली.