वीज कुठे जिरत होती

मोटारीच्या बॅटरीला साजूक तूप लावणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली आहे, आरशात.

बॅटरीच्या दोन खुंट्यांवर पांढरट हिरवी बुरशी चढते. आमचे हे दर महिन्याला गरम पाण्यात सोडा घालून ती धुवायचे आणि वर बोटभर व्हॅसलीन फासायचे. एकदा व्हॅसलीन संपलं होतं. मी तेव्हा नवी नवी, हुशारी उतू चाललेली. म्हटलं, तूप काय व्हॅसलीनपेक्षा हलकं आहे? घरचं कढवलेलं लावलं, तेही सढळ हाताने. दुपारपर्यंत कंपाउंडच्या भिंतीपासून बॉनेटपर्यंत मुंग्यांची रांग लागली. हे आबिड्सच्या कचेरीतून आले, बॉनेट उघडलं, बराच वेळ आत पाहत राहिले आणि म्हणाले, "गाडीला आज श्रावणी सोमवार होता का गं?"

निजामाच्या जुन्या राजधानीत, मलकपेठेत आमचं बैठं घर होतं. त्याला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये ही गाडी. घेतली तेव्हाच ती दुसऱ्याची वापरलेली होती. इंजिन दणकट, पण वायरिंग म्हणजे रोजचं दुखणं. हॉर्न दाबला की वायपर हलायचा. पावसाळ्यात डावा दिवा आपल्या मर्जीने लागायचा. दुरुस्ती बहुतेक घरीच व्हायची आणि तिला आमची एक ठरलेली पद्धत होती.

डॅशबोर्डमधला एक बारका बल्ब घेऊन यांनी त्याला दोन वायरी डकवल्या होत्या. आम्ही त्याला चिमणी म्हणायचो. बॅटरी उगाच उतरायला लागली की तिची ऋण बाजूची जाड केबल काढायची आणि खुंटी व केबल यांच्यामध्ये चिमणी जोडायची. गाडी पूर्ण बंद असताना चिमणी पेटली, तर कुठेतरी चोरून वीज जाते आहे हे नक्की. मग हे आत वाकून एकेक फ्यूज काढणार आणि मी बॉनेटपाशी पदराचा आडोसा करून चिमणीकडे टक लावणार.

"आता?"

"पेटलीय."

"आता?"

"पेटलीय हो."

"बघून सांग. झोपेत सांगू नको."

"विझली, विझली."

ज्या फ्यूजला ती विझेल, त्या वाटेवर चोर. माझं काम एवढंच, एका बल्बकडे पाहायचं. पण शेजारणींना मी सांगायचे, "आज आम्ही वायरिंग उघडलं होतं." आम्ही. त्या बिचाऱ्या मला इंजिनियरबाई म्हणायला लागल्या आणि मीही ते खरं मानून गळ्यात स्क्रूड्रायव्हर घालून फिरायचं तेवढं बाकी राहिलं.

हे तसे बोलके, थट्टेखोर. एकाच विषयाला कुलूप होतं. आमचं मूळ गाव मराठवाड्यात, जुन्या निजामी मुलखातलं. तिथली जमीन विकून मलकपेठेतलं घर झालं. विक्रीचे कागद करून आले त्या दिवशी म्हणाले, "आता गावाचा विषय काढायचा नाही." मी काढला नाही. मला वाटलं, माणसाने मागचं पुसून टाकलं, बरं झालं. नवरा सुटसुटीत मनाचा मिळाला म्हणून मी खूषसुद्धा होते. कसली खूष, विचारू नका.

मग ते दिवस आले, ज्यांत सगळंच नवं यायला लागलं. रस्त्यावर गोलगोल, आवाज न करणाऱ्या गाड्या दिसू लागल्या. गच्चीवरून केबलची काळी वायर खाली उतरली आणि आमच्या घरात संध्याकाळी मालिका सुरू झाल्या. तेव्हाची मी त्या मालिकांपुढे अशी बसायची, जणू त्यातल्या सासवा माझ्याच नात्यातल्या. टीव्ही लागला की घरातला रेडिओ गुरगुरायचा, त्यातून शब्द ऐकू यायचा नाही. हे रेडिओ बंद करून बाहेर जायचे. "शेडमध्ये बसतो जरा. हवा आहे," म्हणायचे. मी पडद्यावरची नजर न काढता म्हणायचे, "मफलर घ्या."

त्याच सुमाराला साखरेने यांचे डोळे धरले. कोठीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. घरी आल्यावर यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "ठेव तुझ्याकडे." एवढंच. मी ती कमरेच्या जुडग्यात अडकवली आणि लागलीच रेसकोर्सच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी शिकायला सुरुवात केली. पन्नाशीला टेकलेली बाई, पाचवारी नेसून, क्लचवर चप्पल काढून पाय. शिकले मात्र. यांना कोठीला मीच नेऊ-आणू लागले. चालताना जुडगा वाजायचा आणि मला त्या आवाजाची ऐट वाटायची.

हे संध्याकाळी गाडीतच बसत. किल्ली माझ्या कमरेला, म्हणजे गाडी बंद. मी समजत होते, नुसते बसतात. सवयीची जागा, बसेनात का.

एका संध्याकाळी असेच गाडीतून उठून आत आले, म्हणाले, "पाणी दे." मी पेला भरून वळले तोवर सगळं आटोपलं होतं.

त्यानंतर काही महिने मी शेडकडे फिरकले नाही. पुढे एक दिवस धीर करून किल्ली फिरवली, तर गाडी ढिम्म. बॅटरी चार्ज करून आणली. दोन दिवस चालली, मग परत मेल्यासारखी. पुन्हा चार्ज, पुन्हा तेच. चौकातल्या ऑटो-इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने डॅशबोर्डखाली टॉर्चचा उजेड मारला आणि लगेच विझवला.

"अम्मा, पूरी वायरिंग सड़ गई. नक्को रखो ये गाड़ी."

"भाई, देखो तो जरा."

"क्या देखना? साब थे तो चलती थी. अब कौन जाग के बैठेगा इसके पीछे?"

मुलगा बंगळूरला नोकरीला. फोनवर तो म्हणाला, "आई, आता नव्या गाड्या किती छान आल्यात. हिला काढून टाक. तू रस्त्यात कुठे बंद पडलीस तर कोण येणार?" त्याचं चुकत नव्हतं. पण यांच्या हातांनी खोललेली आणि जोडलेली एवढीच एक वस्तू घरात उरली होती. शेवटी आमचं ठरलं: वर्षश्राद्धाला तो येईल, श्राद्धाच्या सकाळी किल्ली तो फिरवेल. गाडी लागली तर राहील. नाही लागली तर मी अवाक्षर न काढता द्यायची.

तो यायच्या आदल्या दिवशी मी शेडमध्ये गेले. जुडगा काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला, पदर खोचला, चिमणी शोधून काढली. बॅटरी नुकतीच भरून आणली होती. केबल सोडवली, मध्ये चिमणी जोडली. ती पेटली, अगदी मंद, लालसर. ओंजळ धरली तरच दिसेल इतकी.

आता फ्यूज कोण काढणार आणि चिमणी कोण बघणार? मी आत वाकून एक फ्यूज काढायची आणि धावत पुढे येऊन ओंजळीत पाहायची. पेटलेली. परत आत, परत पुढे. माझ्या तोंडून दरवेळी "पेटलीय" निघत होतं, मोठ्याने, रिकाम्या शेडमध्ये. शेजारच्या भिंतीवरून कुणीतरी डोकावलं आणि हळूच खाली झालं. त्यांना काय वाटलं असेल, कोण जाणे.

सगळे फ्यूज काढले, चिमणी पेटलेलीच. डिकीतला दिवा काढला, हॉर्नची वायर सोडवली, डायनामोची सोडवली. तरी तशीच. म्हणजे चोर फ्यूजच्या वाटेने जातच नव्हता. कुणीतरी बॅटरीपासून थेट वाट काढून दिली होती.

मग मी बोटांनी चाचपत गेले. बॅटरीच्या धन बाजूला, जाड केबलच्या आडून, एक बारकी वायर निघाली होती. जोडावर काळी टेप नव्हती, चिकटपट्टी होती. पांढरी, दवाखान्यातली, यांच्या पायाच्या जखमेला ड्रेसिंग करायला मी कोठीहून आणायचे तीच. जोडाला चिकटपट्टी लावणाऱ्या मिस्त्रींना हे आयुष्यभर हसत आले. "मोटार आहे का गुडघा?" म्हणायचे. ती पट्टी वेडीवाकडी, एकावर एक, गाठोडं करून गुंडाळली होती. अधू नजरेच्या माणसाने गुंडाळावी तशी.

वायर भोकातून आत गेली होती, डॅशबोर्डखालून वर. गाडीच्या रेडिओत. मी ती ओढून काढली आणि पुढे येऊन पाहिलं. चिमणी विझली होती.

रेडिओ किल्लीवर चालायचा. किल्ली माझ्या कमरेला होती. मागितली असती तर मी दिली नसती का? वर दोन चेष्टेचे शब्द बोलले असते आणि दिली असती. पण त्यांनी मागायचं टाळलं. अधू डोळ्यांनी, मी मालिकेत गुंतलेली असताना, बॉनेटखाली चाचपडत ही वायर ओढली. रेडिओच्या तबकडीतला दिवा काढून ठेवला होता, उजेड दिसू नये म्हणून. शेवटच्या संध्याकाळी बरं वाटेना तेव्हा आवाज बारीक केला असेल, पण बटण 'टक्' होईपर्यंत फिरवायचं राहिलं. तेव्हापासून तो रेडिओ अंधारात, आवाज न करता, चालूच होता.

काढलेलं सगळं जागच्या जागी बसवलं, चिमणी काढून केबल लावली आणि ती वायर पुन्हा जोडली. बटण मोठं केलं. नुसती खरखर. सुई मात्र मी हलवली नाही. गाडीचं दार अर्धवट लोटून त्यांच्या जागी बसून राहिले.

दिवस कलला तशी खरखर विरळ व्हायला लागली. लांबचं केंद्र असंच येतं, दिवेलागण झाल्यावर, पायी चालत आल्यासारखं. आधी कुणीतरी घसा साफ केला. मग एक बाई बाजारभाव सांगायला लागली. मानवत, कापूस. सेलू, ज्वारी. जिंतूर, तूर. शांत, एकसुरी आवाज, आणि 'ज्वारी' म्हणताना आमच्याकडची ती ओढ.

ज्या माणसाने गावाचा विषय बंद केला होता, तो रोज संध्याकाळी इथे बसून, नसलेल्या शेतातल्या नसलेल्या ज्वारीचा भाव ऐकत होता. आणि मी भिंतीपलीकडे, हाकेच्या अंतरावर. मला कधी कळलं नाही आणि त्यांना सांगावंसं वाटलं नाही. यातलं कुठलं जास्त लागलं ते अजून ठरवता येत नाही.

भाव संपले, शेतीवर कुणीतरी बोललं, पुढे भजन लागलं असावं. मला तिथेच डोळा लागला. डास चावून जाग आली तशी उठून आत गेले आणि अंथरुणावर पडले.

सकाळी मुलगा आला. आंघोळ झाली, भटजी यायचे होते. तो शेडमध्ये गेला. गाडीचं दार नीट लागलेलं नव्हतं, म्हणून आतला छताचा दिवा लालसर मिणमिणत होता, रेडिओचं बटण मोठं होतं पण त्यात आता जीव नव्हता. त्याने किल्ली फिरवली. बॉनेटखालून 'टक्' झालं, पुन्हा 'टक्', आणि संपलं. आयुष्यभर एका बल्बकडे पाहायला शिकलेल्या इंजिनियरबाईने रात्रभर दोन गोष्टी चालू ठेवल्या होत्या.

"आई, तू तर फोनवर म्हणालीस बिघाड शोधते म्हणून. सापडलं का काही?"

सांगितलं असतं तर गाडी राहिली असती. पण त्याने पुढे विचारलं असतं, "बाबा तुलाही काही बोलले नाहीत?" आणि श्राद्धाच्या दिवशी, भटजी दारात असताना, मला "नाही" म्हणावं लागलं असतं.

"नाही रे," मी म्हटलं. "वायरिंगच सडलंय."

गाडी घेणाऱ्याने दोर लावून ती ओढत नेली. जाताना त्याने डॅशबोर्डच्या भोकात बोट घालून विचारलं, "अम्मा, रेडियो किधर गया?"

"खराब था. फेक दी."

तो माझ्या खोलीत, फडताळावर आहे. घरात त्याला ना बॅटरी, ना गाडीची ती उंच अँटेना. नात सुट्टीत येते, तिला मराठी वाचताना अडखळायला होतं, पण बटणं फिरवायला फार आवडतं.

"आजी, हे चालतं?"

"चालतं. सुईला हात लावू नको मात्र."

"मग लाव ना."

"आत्ता नाही. दिवेलागण होऊ दे," मी म्हणते. तोपर्यंत ती खेळायला गेलेली असते.