मी खुडलेली मिरची

“तिनं खुडलेली एकत्र करू नका. बेड, बेड! बाजूला काढा.”

अक्का ओरडली. चिडली की तिच्या तोंडी कानडी येतं; बेड म्हणजे नको. अक्का म्हणजे माझी मोठी जाऊ. वर्षाच्या चटणीसाठी आम्ही बायका गच्चीवर ब्याडगी मिरचीचे देठ खुडत बसलो होतो. गल्लीतल्या शेजारणीही होत्या. सगळ्यांचे हात थांबले. माझ्यापुढचा ढीग अक्कानं खराट्यानं घमेल्यात ढकलला. खराट्यानं. हात लागू नये म्हणून.

मला एचआयव्ही आहे. नवऱ्याकडून आला. तो गेला तेव्हा या घरानं गावभर ‘कावीळ’ सांगितलं. माझी वेळ आली तेव्हा मात्र ‘तो रोग’. चोर सोडून संन्याशाला फाशी.

सरकारी दवाखान्यातल्या बाईंनी मला नीट समजावलं होतं. हा विषाणू अंगातल्या राखणदार पांढऱ्या पेशींनाच धरतो. त्या कमी झाल्या की कुठलाही आजार सहज आत शिरतो. माझं तसंच झालं. आधी तोंडात पांढरा थर, घास गिळवेना. मग जुलाब. मग टीबी. टीबी औषधांनी बरा झाला. एचआयव्हीची गोळी रोज घेते. आता विषाणू इतका कमी आहे की तपासणीत सापडत नाही. आणि मिरचीतून, पेल्यातून तो कधीच कुणाला होत नाही. घरात हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. ऐकतंय कोण?

अण्णा माझे मोठे दीर. अमरगोळच्या मार्केट यार्डात त्यांचं मिरचीचं दुकान, सगळा जन्म मिरचीत गेलेला. त्या माणसानं परसात रद्दी पेटवली आणि माझं घमेलं त्यात उपडं केलं. जळत्या मिरचीचा ठसका लहान पोरालाही ठाऊक असतो. भीतीपुढे तेवढंही सुचलं नाही.

धूर उठला. अख्खं घर खोकायला लागलं. माझ्या खोकल्याला भिऊन दार लावून घेणारी अक्का पायरीवर वाकून खोकत होती. शेजारणी पदर तोंडाला लावून पळाल्या. मीही खोकत होते. मला हसू आलं. मग संताप आला.

डोळे पुसत अण्णा म्हणाले, “पिशवी भर तुझी. उद्या बेळगावच्या बसमध्ये बसवतो. माहेरी राहा.”

मी आत गेले. पिशवीला हात लावला, काढला. खिडकीत माझा वेगळा ठेवलेला पेला होता. तोच पाण्यानं भरून बाहेर आणला. अण्णांनी हातातून ओढून घेतला आणि घटाघटा प्याले. मग पेला ओळखला. चेहरा पडला.

“काही होत नाही, अण्णा,” मी म्हटलं. “त्या मिरचीतूनही कुणाला काही झालं नसतं. हे घर तुमच्या भावाचंही आहे. मी जात नाही.”

पुन्हा गच्चीवर गेले. उरलेल्या पोत्याशी एकटी बसले. नाक वाहत होतं, डोळे जळत होते, तरी खुडत राहिले.

अजून कुणी मला जवळ बसवत नाही. पण त्या दिवसापासून फळीवरचा हाताला येईल तो पेला मी घेते. यंदाही पोती येतील. मी गच्चीच्या मधोमध बसणार. जाळायची तर जाळा. मी इथून हलणार नाही.